शेजारच्या टेबलावरचा लाल दिवा

हिंगणघाटला, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणिकच्या घरची कापसाची जिनिंग आहे. खाली वजनकाटा आणि मुनीमजींची खोली, आणि वर एक लांबलचक हॉल. त्या हॉलमध्ये पूर्वी जुने बारदान आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या. लॉकडाऊननंतर गावातली बरीच पोरंपोरी पुण्या-बंगलोरहून परत आली, ती परत गेलीच नाहीत. घरी बसून कंपनीचं काम करायचं म्हटलं तर कधी लाईट जाते, कधी नेट जातं, कधी पाहुणे येऊन बसतात. माणिकनं हे हेरलं. हॉल साफ केला, वीस टेबलं मांडली, इन्व्हर्टर बसवला, वर ‘बैठक’ अशी पाटी लावली आणि सगळा कारभार चारुताच्या हाती दिला.

चारुतानं नऊ वर्षं एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला होता. नवरा श्रीनिवास माणिकचा जुना दोस्त, गावातल्याच हायस्कूलमध्ये गणिताचा मास्तर, मुलगी ऋचा सहावीत. नोकरी गेल्यावर सहा महिने घरात बसून ती कंटाळली होती, त्यामुळे या कामात तिनं जीव ओतला. टेबल मोबाईलवरून बुक व्हायचं. दरवाजा सहा आकडी कोडनं उघडायचा. प्रत्येक टेबलावर एक इवलासा दिवा होता, टेबल रिकामं असलं की हिरवा आणि बुक झालं की लाल. प्रिंटरला ईमेल पाठवली की कागद बाहेर यायचा. कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये एक गोल डबी होती, ती लोकांचं बोलणं ऐकून मीटिंगचा सारांश लिहून द्यायची. चारुता कधी जागेवर असते, कधी नसते, तेही सगळ्यांना कॅलेंडरवर दिसायचं.

पण तिचा खरा जीव होता नकाशावर. ‘बैठक’च्या वेबसाईटवर पूर्ण हॉलचा नकाशा होता. वीस चौकोन. जो चौकोन लाल, त्याच्यावर त्या माणसाचं पहिलं नाव. नावं दाखवायची कल्पना तिचीच.

“रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही,” ती माणिकला म्हणाली होती. “नावं दिसली की वाटतं, अरे, इथं आपली माणसं बसतात.”

आणि तसंच झालं होतं. समुद्रपूरची एक मुलगी नकाशावर कॉलेजच्या मैत्रिणीचं नाव बघूनच आली होती. माणिक येईल त्याला तो नकाशा दाखवायचा.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी सपना आली.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. एका कंपनीकडे येणारे ग्राहकांचे फोन ऐकून ते टाईप करायचं तिचं काम होतं. फॉर्म भरता भरता तिनं पेन थांबवला.

“मॅडम, पुरं नाव लिहाच लागते का?”

“लिहावं लागतं. पण दिसेल फक्त पहिलं नाव.”

“दिसते म्हणजे कुठी दिसते?”

“आपल्याच लोकांना गं,” चारुता म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, ती बोलत बोलत बाहेर गेली आणि ते उत्तर तसंच राहिलं. सपनानं नाव लिहिलं.

तिनं अकरा नंबरचं टेबल घेतलं. खिडकीजवळची सगळी टेबलं रिकामी होती, तिथून जिनिंगचं अंगण दिसतं, कापसाच्या गाड्या दिसतात. पण सपना खांबाच्या आडोशाला, दरवाजाकडे तोंड करून बसली. दिवसभर कानात हेडफोन. दुपारी डबा खायची तो अनुसयाबाईंसोबत, चहाच्या ओट्याजवळ. अनुसयाबाई म्हणजे ‘बैठक’चं झाडणं-पुसणं आणि चहा बघणारी बाई. पन्नाशीची, तोंडानं फटकळ, पण सपनाशी तिचं जमलं.

नोव्हेंबर लागला. जिनिंग सुरू झालं. बारीक रुई हवेत तरंगायला लागली, ती पंख्यावर, पडद्यावर, दिव्यांवर बसायची. त्याच दिवसांत एकदा बारा नंबरचा दिवा सकाळपासून लाल होता आणि खुर्ची रिकामी. कोणा रोशननं बुक केली होती. पहिला दिवस फुकट असायचा, त्यामुळे लोक बुक करायचे आणि यायचे नाहीत. चारुतानं मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सपना चार नंबरवर बसली. पाच नंबर लाल झाला. नाव विजय. कोणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती पार मागे, सतरावर गेली. सोळा लाल झाला.

चौथ्या दिवशी अनुसयाबाई फडकं हातात घेऊन चारुताच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

“मॅडम, या पोरीच्या बाजूची खुर्ची काऊन रिकामी राह्यते रोज? मी पुसून राह्यली, पुसून राह्यली, बसत तर कोनीच नाई.”

चारुतानं बुकिंगची यादी काढली. सपनानं टेबल घेतलं की दोन मिनिटांनी शेजारचं टेबल जायचं. कधी तीन मिनिटांनी. दरवेळी नाव वेगळं, नंबर वेगळा. तिनं त्यातले दोन नंबर लावून पाहिले. एक बंद होता. दुसरा वाजला, कोणीतरी उचलला, आणि पलीकडून कोणी बोललंच नाही. नुसता गाड्यांचा आवाज येत होता. तिनंच फोन ठेवला.

मान वर करून तिनं हॉलकडे पाहिलं. सपना टाईप करत होती. शेजारच्या खुर्चीवर तिनं स्वतःची बॅग ठेवली होती, आणि बॅगेच्या वर तो लाल दिवा जळत होता. म्हणजे तिच्याही लक्षात आलं होतं. ती काही बोलली मात्र नव्हती.

मंगळवारी साडेअकराच्या सुमारास प्रिंटर सुरू झाला. एक कागद बाहेर आला, दुसरा आला, तिसरा आला, आणि थांबेचना. जवळ बसलेल्या एकानं हाक दिली, “अरे, कोणाचं प्रिंट आहे हे? लग्नाचे फोटो कोण काढून राह्यलं?”

हॉलमधली दहा-बारा डोकी वर झाली. सपना उठली. ट्रेजवळ गेली. वरचा कागद उचलला आणि तशीच उभी राहिली. मागून आणखी कागद येत होते, तिच्या पायाशी पडत होते. चारुतानं धावत जाऊन वायर ओढली. खाली वाकून कागद गोळा केले. सगळ्यांवर एकच फोटो. मुंडावळ्या बांधलेली सपना, आणि तिच्या शेजारी हसणारा, गोरा, नीट दाढी केलेला नवरदेव. एकाही कागदावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

ओट्यामागच्या छोट्या खोलीत अनुसयाबाईनं तिला बसवलं, पाणी दिलं. चारुता दार लोटून समोर बसली.

“नवरा आहे माझा,” सपना म्हणाली. “अंकित. कारंजा घाडगेले राह्यतो. ट्रक आहेत त्याचे, सहा-सात. हायवेवर धाबा आहे.”

“मारतो?” अनुसयाबाईनं सरळ विचारलं.

“नाई ना. मारते म्हटलं असतं तर लोकाईनं ऐकलं असतं. हात नाई लावला त्यानं कधी. नुसतं माहीत राह्यते त्याले. मी भाजीवाल्याजवळ किती वेळ उभी होती. माय संग फोनवर काय बोलली. संध्याकाळी आला का समोर बसवे अन वाचून दाखवे, मिनिटा-मिनिटाचं. आवाज नाई चढवायचा. हसून हसून वाचायचा. मग एक दिवस बाथरूमची कडी काढून टाकली. म्हणे, कायले पाहिजे तुले कडी?” तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. “फेब्रुवारीत निघून आली मी. फक्त मावशीले माहीत आहे. नदीकडे राह्यते मावशी. माहेरी पण नाई सांगितलं.”

खाली कापूस ओढणाऱ्या मशीनचा आवाज येत होता.

“सिम बदलवलं,” सपना म्हणाली. “फोन बदलवला. फेसबुक बंद केलं. तरी त्याले कसं समजते मॅडम, मी कोनत्या टेबलावर बसून राह्यली ते?”

चारुताला उत्तर माहीत होतं.

“बघते मी,” ती म्हणाली.

सगळे आपापल्या कामाला लागल्यावर तिनं आपल्या मोबाईलवर, नाव-पासवर्ड काही न टाकता, ‘बैठक’ची वेबसाईट उघडली. नकाशा लगेच आला. कोणालाही येईल तसाच. ‘सपना’, सतरा नंबर. वर एक बाण होता, कालचा दिवस बघायला. तिनं तो दाबला. काल: सपना, नऊ वाजून दहा मिनिटं ते सव्वापाच. परवा. त्याच्या आदला दिवस. ती बाण दाबत गेली, दसऱ्यापर्यंत गेली. हा बाणसुद्धा तिनंच मागून घेतला होता. लोकांना आपली हजेरी बघता येईल म्हणून.

इतके दिवस ती ज्या गोष्टीचं कौतुक सांगत फिरली, ती कारंजाला कुठल्याशा धाब्यावर बसून एक माणूस रोज सकाळी वाचत होता.

माणिकला तिनं खाली जाऊन सांगितलं. तो काट्याजवळ उभा होता, मागे बैलगाड्यांची आणि टेम्पोची रांग. त्यानं ऐकून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला.

“नावं काढून टाक वहिनी आजच. पण तिले हे सांगू नको का आपल्यामुळं झालं म्हणून. गावभर होईन. पोरी येनं बंद करतीन इथं.”

चारुता “हो” म्हणाली. माणिकच्या सांगण्यावरून नव्हे. तिला स्वतःलाच ते सांगायचं नव्हतं, आणि आता न सांगायला एक कारण मिळालं होतं.

रात्रभर विचार करून तिनं एक गोष्ट ठरवली. सगळ्यांबरोबर सपनाचंही नाव गेलं तर त्याला कळेल की इथं सुगावा लागलाय. मग तो खाली रस्त्यावर येऊन उभा राहील, सपना निघाली की मागे जाईल, मावशीचं घर सापडेल. त्यापेक्षा बाकीची नावं जाऊ द्यावी आणि सपनाचं तेवढं राहू द्यावं. सपनानं घरीच बसावं. तो आला तर चेहरा दिसेल, दाराच्या कॅमेऱ्यात येईल, पोलिसांना दाखवायला काहीतरी हाती लागेल. आपल्या नकाशानं केलेली चूक आपल्या नकाशानंच निस्तरू, असं तिला वाटलं. त्यात थोडी हुशारी दाखवायची हौस होती, हे तिनं पुढे श्रीनिवासजवळ कबूल केलं.

“दोन दिवस घरीच थांब,” एवढंच तिनं सपनाला फोनवर सांगितलं. “मी इथलं बघते.”

बुधवारी तिनं नकाशावर काहीच टाकलं नाही. गुरुवारी सकाळी नऊला सात नंबरच्या चौकोनात तिनं ‘सपना’ लिहिलं. सातवर दिवा लाल झाला.

नऊ वाजून नऊ मिनिटांनी आठवर दिवा लाल झाला. चारुतानं नाव पाहिलं. या वेळी रोशन नव्हता, विजय नव्हता.

अंकित.

तिनं माणिकला फोन केला. “आलो, आलो, एवढी गाडी खाली होऊ दे,” तो म्हणाला. आजूबाजूला काट्याचा गलका चालला होता. अनुसयाबाईला तिनं हळूच सांगितलं. अनुसयाबाईनं पदर खोचला आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली.

अकराला दरवाजाची घंटी वाजली.

फोटोतल्यापेक्षा तो थोडा जाड झाला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंध, हातात मिठाईचा पुडा, वर्ध्याचा गोरसपाक. त्यानं बूट दाराशी काढले, नीट जोडीनं ठेवले. “नमस्कार मॅडम,” म्हणाला. “आठ नंबर माझा.” आणि कोणाला न विचारता बरोबर आठ नंबरपाशी गेला, जणू रोज येत होता.

बसल्यावर त्यानं शेजारच्या सात नंबरकडे पाहिलं. रिकामी खुर्ची, लाल दिवा. तो हसला. मग त्यानं हात लांब करून त्या खुर्चीच्या पाठीवर तळवा ठेवला, आणि तसाच बसून राहिला. कॉम्प्युटर नाही, वही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. शेवटी चारुता उठली.

“इथं लोक काम करतात. बोलायचं असेल तर केबिनमध्ये या.”

“चाला ना,” तो म्हणाला. गोरसपाकचा पुडा त्यानं सोबत घेतला.

केबिनमध्ये ती आधी शिरली आणि बसता बसता टेबलावरची गोल डबी दाबली. डबीच्या कडेनं निळा उजेड फिरला.

“हे काय?”

“एसीचं आहे,” चारुता म्हणाली.

“तुमची व्यवस्था मले फार आवडली मॅडम. खरं सांगतो. मी पण गाड्याईले लावलं आहे असंच. कोनती गाडी कुठी उभी आहे, किती वेळ उभी आहे, सारं दिसते. एक बायकोच दिसत नव्हती.” त्यानं पुड्याची दोरी सोडायला सुरुवात केली. “नेटवर नाव टाकून टाकून पाह्यलं, तुमच्यामुळं दिसली. तेच म्हनाले आलो, थँक्यू म्हनून. घ्या ना.”

“ती इथं येत नाही.”

“आज नाई आली. काल बी नाई आली. परवा नऊ वाजून बारा मिनिटाले आलती, प्रिंटरजवळ गेली अशीन, अन दोन वाजता निघून गेलती.” तो तिच्याकडे बघत होता, अगदी मायेनं. “मी काही वाईट नाई करत तिचं. घरची बाई घरी पाहिजे. कुठी राह्यते तेवढं सांगा. मी समजावून नेतो.”

“मला माहीत नाही.”

“असं कसं? फॉर्म तर भरला अशीन ना तिनं.”

“माहीत असलं तरी सांगणार नाही.”

त्यानं मान हलवली, पटल्यासारखी. गोरसपाकचा एक तुकडा मोडला, खाल्ला नाही, कागदावर ठेवला.

“आज गुरुवार आहे नाई? ऋचाचा क्लास चारले राह्यते. मंगळवार, गुरुवार.”

चारुतानं खुर्ची मागे सरकवली.

“तुम्ही पावनेचारले निघता इथून. मागच्या गुरुवारी उशीर झालता तुमाले, सात मिनिट. लेकरू शाळेच्या गेटापाशी एकटंच उभं होतं. मले कसंतरीच झालं पाहून.” तो थांबला. “माझी गाडी उभी होती ना तथी. माल उतरवून राह्यलो होतो.”

तिचं कॅलेंडर. ‘ऋचा – क्लास – ४ वा.’ सदस्यांना कळावं म्हणून तिनं स्वतःचं कॅलेंडर त्याच पानाला जोडलं होतं. नकाशाच्या खाली. नावं काढताना तिला त्याची आठवणही झाली नव्हती.

“मी काही म्हनून नाई राह्यलो मॅडम,” अंकित म्हणाला. “नुसतं सांगून राह्यलो. आजकाल कोनी ना कोनी पाहतच राह्यते. मावशी-गिवशी आहे का कोनी तिची इथं?”

आणि त्या क्षणी चारुता सांगणार होती. पुढे कितीतरी दिवस तिला हीच गोष्ट छळत राहिली. ‘नदीकडे’ हा एकच शब्द होता, तो तिच्या जिभेवर आला होता, आणि तिनं तोंड उघडलंही होतं. समोर ऋचा दिसत होती, गेटपाशी, पाठीवर दप्तर घेतलेली.

दार ढकलून अनुसयाबाई आत आली. हातात ट्रे, त्यात दोन कप.

“चाय आणली मॅडम.”

चहा कोणी मागवला नव्हता. तिनं एक कप त्याच्यासमोर ठेवला, एक चारुतासमोर, आणि ट्रे पोटाशी धरून तिथंच उभी राहिली.

“ठीक आहे मावशी, जा तुम्ही,” अंकित म्हणाला.

“कायले जाऊ? कप न्या लागतीन ना. तुम्ही प्या. मी उभी आहो.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली. काचेपलीकडे हॉलमधल्या दोन मुली उठून उभ्या राहिल्या होत्या. जिन्यावर माणिकच्या चपलांचा आवाज आला. चारुतानं तोंड मिटलं.

अंकित उठला. चहाला त्यानं हात लावला नाही. “येतो मॅडम. कधी येजा कारंजाले, धाब्यावर, सगळ्याईले घेऊन.” बूट घालताना त्यानं घाई केली नाही. माणिक दारात आला तेव्हा त्यालाही नमस्कार करूनच तो खाली उतरला.

चारुतानं श्रीनिवासला फोन लावला. “आत्ताच्या आत्ता ऋचाच्या शाळेत जा, तिला वर्गातून घे. तुझ्याजवळ बसव. मी येईपर्यंत सोडू नकोस.” तो का विचारत होता, ते तिला ऐकू येत नव्हतं.

फोन ठेवला तोच तिच्या कॉम्प्युटरवर ईमेल येऊन पडली. केबिनमधल्या डबीनं आपलं काम केलं होतं. बैठकीचा सारांश, सोबत आवाजाचं रेकॉर्डिंग जोडलेलं. एक: व्यवस्थेबद्दल समाधान व्यक्त केले. दोन: ऋचाच्या वर्गाची वेळ, गुरुवार, चार. तीन: सपना यांच्या मुक्कामाबाबत चर्चा. आणि सगळ्यात खाली, पुढील कृती: ‘सपना यांचा पत्ता देणे. जबाबदारी – चारुता.’

ती ते वाचतच राहिली. मग तिची नजर ईमेलच्या वरच्या ओळीवर गेली. सारांश केबिनमध्ये हजर असलेल्या सगळ्यांना जात असे, बुकिंगमधल्या पत्त्यावर. तिच्या नावापुढे दुसरं नाव होतं अंकितचं. म्हणजे तो रस्त्यावर पोचायच्या आधीच त्याला कळलं होतं, की त्याचं सगळं बोलणं नोंदलं गेलंय. आणि कोणती जबाबदारी कोणाची आहे तेही.

दुपारी ऋचाला माणिकच्या घरी सोडून, श्रीनिवास आणि अनुसयाबाईला घेऊन ती नदीकडे मावशीच्या घरी गेली. गल्लीच्या तोंडाशी तिनं तीनदा मागे वळून पाहिलं. मावशी दार उघडेना, अनुसयाबाईचा आवाज ओळखून सपनानंच उघडलं.

चारुतानं बसायच्या आधीच सांगितलं. नकाशा, नाव, बाण, सगळं. आजचं केबिनमधलंही. फक्त आपण तोंड उघडलं होतं, तेवढं सांगायचं राहिलं.

सपना भिंतीला टेकून ऐकत होती.

“म्हणजे तुम्हीच सांगून राह्यल्या होत्या त्याले. रोज.”

“मी नाही गं, ते वेबसाईटवर…”

“तेच ते.” तिचा आवाज चढला नाही. “तुमाले कधी समजलं?”

चारुतानं खाली पाहिलं. “मंगळवारी. तू विचारलंस तेव्हाच.”

“अन मले आज सांगून राह्यल्या.”

सपना उठून आत गेली आणि बाहेर आली ती चपला घालूनच.

“चाला. त्याचा आवाज आहे ना तुमच्या जवळ? पोलिसात चाला.”

ठाण्यातल्या बाई अधिकाऱ्यांनी ते रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा ऐकलं. तक्रार लिहून घेतली, प्रिंटरचे कागद घेतले, ऋचाच्या शाळेत त्या स्वतः जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी अंकितला बोलावलं. तो हात जोडूनच आला म्हणे. साहेब, मी काय केलं? खुर्ची बुक केली. स्वतःच्या लग्नाचा फोटो छापला. मिठाई घेऊन गेलतो. तुम्हीच सांगा, यात गुन्हा कोनता? बाईंनी त्याला बसवून ठेवलं, त्याचा फोन ठेवून घेतला, पुन्हा हिंगणघाटात त्या पोरीच्या किंवा चारुताच्या आसपास दिसणार नाही असं लिहून घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं. तारखा सुरू झाल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सपना सकाळच्या बसनं निघून गेली. कोणत्या गावाला, ते मावशीनं सांगितलं नाही आणि चारुतानं विचारलं नाही. तिचा हेडफोन टेबलाच्या खणात राहून गेला होता, तो अनुसयाबाईनं मावशीकडे नेऊन दिला.

चारुतानं नकाशा काढून टाकला. माणिक म्हणाला, “नावं नको, पण चौकोन तरी राहू दे,” तर ती म्हणाली की मग दुसरी बाई बघा. मागच्या सगळ्या दिवसांच्या नोंदी तिनं एकेक करून स्वतःच्या हातानं पुसल्या. त्याला पूर्ण दिवस लागला. पुसताना तिला माहीत होतं की त्याच्याजवळ त्या सगळ्या अजून असतील, कागदावर नाहीतर डोक्यात.

आता ऋचाला शाळेतून आणायला श्रीनिवास जातो. क्लास बंद केला आहे. त्या रस्त्यावर हंगामात ट्रक उभे असतातच, कापसाचे, सरकीचे, गाठींचे. श्रीनिवास प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये बघत बघत चालतो. सगळ्या गाड्या एमएच बत्तीसच्या, वर्ध्याच्याच. त्यातली कोणती कोणाची, हे बाहेरून कळत नाही. ऋचा विचारते, “बाबा, काय बघता?” तो म्हणतो, “काही नाही गं.”

फेब्रुवारीत एका दुपारी चारुताच्या फोनवर अनोळखी नंबर आला. तिनं उचलला आणि बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. पलीकडेही कोणीतरी श्वास घेत होतं.

“मॅडम, मी आहो.”

“सपना?”

“ठीक आहो मी. काम सुरू आहे. कुठी आहो ते नाई सांगत.”

“नकोच सांगू.”

“तुमच्यावरचा राग नाई गेला अजून. पण त्या दिवशी तुम्ही त्याले पत्ता नाई सांगितला. तेवढं म्हणाचं होतं.”

खरं काय झालं होतं ते आता सांगावं, असं तिला वाटलं. या बाईला तिनं आधीच एकदा अर्धवट उत्तर दिलं होतं.

“सांगणार होते मी,” ती म्हणाली. “तोंड उघडलं होतं. अनुसयाबाई चहा घेऊन आली म्हणून राहिलं.”

पलीकडे कुठलीशी बस गेली.

“ऋचा बरी आहे?” सपनानं विचारलं.

“आहे.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

चारुतानं आलेल्या फोनची यादी उघडली, तो नंबर पुसला, आणि फोन पालथा ठेवला. अनुसयाबाई चहाचे कप गोळा करत जवळून चालली होती.

“कोनाचा फोन होता मॅडम? चेहरा काऊन उतरला?”

“राँग नंबर होता,” चारुता म्हणाली.